लॉ फर्ममध्ये प्रो बोनोचं काम पूर्णवेळ सांभाळायचं असेल तर

प्रश्न थोडक्यात असा: मुंबईतल्या मोठ्या लॉ फर्ममध्ये कॉर्पोरेट टीममध्ये वकील म्हणून चौथं वर्ष चालू आहे. पुढे फर्मचं प्रो बोनोचं, म्हणजे गरजूंसाठीच्या विनामूल्य वकिलीचं, काम पूर्णवेळ सांभाळायची इच्छा आहे. असं पद असतं का, दिवसभर नेमकं काय करावं लागतं आणि आत्तापासून काय शिकावं?

पद असतं, पण त्याची जाहिरात क्वचितच निघते. ही पद्धत रुळली ती अमेरिकेत. तिथे १९९३ मध्ये मोठ्या फर्मपुढे आव्हान ठेवलं गेलं, की वर्षाच्या एकूण बिलेबल (अशिलाला बिल लावता येणाऱ्या) तासांपैकी ३ किंवा ५ टक्के तास विनामूल्य कामाला द्या. अमेरिकन बार असोसिएशनच्या आदर्श नियमांतही वकिलामागे वर्षाला किमान ५० तासांची अपेक्षा लिहिलेली आहे. तास मोजायचे म्हटले की मोजणारा माणूस लागतो, आणि तेवढे तास भरतील इतकं चांगलं काम आणणाराही लागतो. आपल्याकडे असा आकडा कुठेच नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांतला ४६वा नियम गरजूला मोफत मदत करणं हे वकिलाच्या सर्वोच्च कर्तव्यांपैकी एक मानतो, पण किती तास ते सांगत नाही. त्यामुळे आपल्या फर्ममध्ये हे पद बहुतेक वेळा एखाद्या पार्टनरच्या आस्थेवर उभं राहतं, आणि तो पार्टनर फर्म सोडून गेला की डळमळतं. हे गृहीत धरूनच पुढचं वाचा.

आधी दोन गैरसमज काढून टाकतो. प्रो बोनो म्हणजे सीएसआर, म्हणजे कंपन्यांनी करायचा सक्तीचा सामाजिक खर्च, नव्हे. कंपनी कायद्याच्या कलम १३५ची सक्ती कंपन्यांना आहे, वकिलांच्या भागीदारी फर्मला नाही. तेव्हा 'सीएसआरच्या बजेटमधून करू' असं कोणी म्हणालं तर ते बजेट अस्तित्वातच नाही असं समजा. दुसरी गोष्ट वकिलीच्या सनदेची. फर्ममधले असोसिएट, म्हणजे पार्टनर नसलेले वकील, बहुधा रिटेनर फीवर असतात, पगारावर नाही. प्रो बोनो प्रमुख मात्र कधीकधी एचआरच्या रचनेत 'मॅनेजर' म्हणून पगारी नोकर दाखवला जातो, पीएफसकट. बार कौन्सिलच्याच ४९व्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकराला वकिली चालू ठेवता येत नाही. असं पद घेतलंत आणि उद्या स्वतः वकालतनामा (वकीलपत्र) दाखल केलात, तर समोरचा वकील पहिला आक्षेप यावरच घेईल. नेमणुकीचं पत्र हातात आलं की पदनामाच्या आधी मोबदल्याचं कलम वाचा.

आता कामाकडे. बाहेरून वाटतं की या माणसाने जनहित याचिका चालवायच्या. खरं तर मोठ्या फर्मच्या वकिलांपैकी बरेचजण कोर्टात उभेच राहत नाहीत. त्यांना जामीन अर्ज देणं म्हणजे हाडांच्या डॉक्टरकडे डोळ्याचं ऑपरेशन देणं. म्हणून पहिलं कौशल्य जुळवणीचं: कोणत्या टीमला कोणतं काम पेलेल हे ओळखायचं. कॉर्पोरेट टीमला संस्थांची कामं द्यावीत. त्यात विश्वस्त बदलाचे अहवाल, करारनामे, आयकर सवलतीची नोंदणी (१९६१ च्या कायद्यातली १२ए आणि ८०जी), परदेशी देणग्यांचा कायदा हे सगळं येतं. २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी घ्यायची तर स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं, त्या पैशातला प्रशासकीय खर्च २० टक्क्यांवर नेता येत नाही आणि तो पैसा दुसऱ्या संस्थेला वर्ग करता येत नाही. छोट्या संस्था नेमक्या या तिसऱ्या मुद्द्यावर अडकतात, कारण गावातल्या सहयोगी संस्थेला निधी द्यायची त्यांची जुनी सवय असते.

विश्वस्त बदलाचा अहवाल, म्हणजे आपल्या भाषेत चेंज रिपोर्ट, हे नवख्या असोसिएटला द्यायला उत्तम काम. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे बदल झाल्यापासून ९० दिवसांत तो धर्मादाय आयुक्त कार्यालयात द्यायचा असतो. सोबत सभेची नोटीस, ठराव, जुन्या विश्वस्ताचा राजीनामा किंवा मृत्यूचा दाखला, आणि नव्याचं संमतिपत्र. कागदावर सोपं आहे. बिघडतं ते असं: संस्थेच्या घटनेत सभेची नोटीस समजा १५ दिवस आधी द्यावी असं लिहिलेलं असतं आणि नोटीस निघालेली असते ५ दिवस आधी. किंवा राजीनामा तोंडी दिलेला असतो आणि तो गृहस्थ आता पत्रावर सही करायला तयार नसतो. किंवा २०१४चा बदल कधी नोंदलाच गेला नाही, त्यामुळे २०२४चा बदल ज्यांनी ठरवला त्या विश्वस्तांचीच नोंद नाही. अशा वेळी आधीचा अहवाल विलंब माफीच्या अर्जासह द्यावा लागतो, मग पुढचा. तोवर बँक सही बदलून देत नाही आणि संस्थेचे पगार थांबतात. म्हणून संस्थेची घटना आणि शेड्यूल वनचा (धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीचा) ताजा उतारा हातात आल्याशिवाय असोसिएटला मसुदा करायला बसवू नका. एक तास उतारा वाचण्यात गेला तर पुढचे चार महिने वाचतात.

लिटिगेशन, म्हणजे कोर्टाचं काम करणाऱ्या, टीमसाठी सर्वांत उपयोगी आणि सर्वांत दुर्लक्षित काम कच्च्या कैद्यांचं, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीच तुरुंगात असलेल्यांचं. इथे जरा थांबतो, कारण मोठ्या फर्मचे वकील इथे हमखास चुकतात.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ लागू आहे. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला की कच्च्या कैद्याला जामीन. आणि पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांश काळानंतर बाँडवर सुटका. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांतल्या कैद्यांनाही याचा लाभ मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलं. आता हिशेब पाहा. घरातली चोरी, भारतीय न्याय संहिता कलम ३०५, कमाल ७ वर्षं, म्हणजे ८४ महिने. निम्मे ४२, एक तृतीयांश २८. असोसिएट २८ महिन्यांवर बोट ठेवून अर्ज तयार करतो. पण आरोपपत्रात रात्रीच्या घरफोडीचं ३३१(४) सुद्धा असतं, आणि हेतू चोरीचा असेल तर त्याची कमाल शिक्षा १४ वर्षांपर्यंत जाते. तृतीयांश झाला ५६ महिने, म्हणजे ४ वर्षं ८ महिने. अर्ज त्याच दिवशी फेटाळला जातो. म्हणून एफआयआरवरून नव्हे, आरोपपत्रात लावलेल्या प्रत्येक कलमावरून हिशेब करायचा, आणि हिशेबाचा तक्ता अर्जाला जोडायचा. शिवाय पोटकलम २ आहेच: एकाहून अधिक प्रकरणं प्रलंबित असतील तर हा लाभ मिळत नाही. कैद्याच्या नावावर दुसऱ्या ठाण्यात काही आहे का, हे ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर नाव टाकून आणि कारागृहातल्या नोंदीतून आधीच बघून ठेवा. सरकारी वकिलाने कोर्टात उठून सांगितल्यावर कळून उपयोग नाही.

आणखी एक बारकावा. पहिल्यांदाच अडकलेल्याच्या बाबतीत कलमात 'बाँड' हा शब्द आहे, आणि नव्या संहितेत बाँडची व्याख्या जामीनदाराविना दिलेलं वैयक्तिक बंधपत्र अशी केलेली आहे. तरीही सवयीने 'एक ऐपतदार जामीनदार' असा हुकूम निघतो. तिथल्या तिथे उभं राहून ते दाखवून द्यायला हवं, कारण खरी कोंडी जामीन मिळाल्यानंतरच सुरू होते. आरोपी उत्तर प्रदेशचा, नातेवाईक तिकडे, तहसीलदाराचा ऐपतीचा दाखला कुठून आणणार? १९७८ च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन मागितला होता आणि दुसऱ्या जिल्ह्यातला जामीनदार नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही चुकीचं ठरवलं. तोच प्रकार आजही चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ३१ जानेवारी २०२३ च्या आदेशातल्या सूचना पाठ असाव्यात: जामिनाचा आदेश त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृह अधीक्षकामार्फत कैद्याला, ७ दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवायचं, एक महिन्यात बंधपत्र भरलं गेलं नाही तर न्यायालय स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करू शकतं, आणि स्थानिक जामीनदाराचाच हट्ट धरायचा नाही. जामीनपात्र गुन्हा असेल तर कलम ४७८चं स्पष्टीकरण त्याहून सोपं आहे: अटकेपासून आठवडाभरात जामीनदार देता आला नाही तर ती व्यक्ती निर्धन आहे असं गृहीत धरायचं.

तेव्हा फर्मची जबाबदारी 'बेल ग्रँटेड' या शब्दांवर संपत नाही. डायरीत पुढच्या नोंदी हव्यात: आदेशाची प्रत मिळाली, रोख जामिनाचा किंवा वैयक्तिक बंधपत्राचा अर्ज दिला, रिलीज ऑर्डर तुरुंगात पोहोचली, माणूस बाहेर आला, पुढची तारीख त्याला समजली. शेवटची नोंद सगळ्यांत महत्त्वाची. सुटलेल्या माणसाचा फोन नंबर बदलतो, तारखेला तो येत नाही, वॉरंट निघतं आणि पुन्हा आत. यासाठी समाजकार्यकर्ते लागतात. मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून तुरुंगांत आणि पोलीस ठाण्यांत हेच काम करतो. अशा संस्थेशी आधी बोलणी करा, मग वकील नेमा. उलट्या क्रमाने केलं तर वकील तारखेला उभा आणि पक्षकार बेपत्ता.

आणि वकालतनामा घेण्याआधी एक चौकशी. कैद्याला बहुधा आधीच विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मिळालेला असतो, पण त्याचं नाव त्याला माहीत नसतं. २०२२ पासून जिल्ह्याजिल्ह्यांत लोक अभिरक्षक कार्यालयंही (प्राधिकरणाच्या बचाव वकिलांची कार्यालयं) उघडली आहेत. रेकॉर्डवरच्या वकिलाची संमती न घेता दुसऱ्याने हजर होणं ३९व्या नियमात बसत नाही. ई-कोर्ट्सवर सीएनआर नंबर (खटल्याचा नोंदणी क्रमांक) टाकून आधी पाहा, त्या वकिलाला फोन करा, ना हरकत घ्या. फर्मचे लोक परस्पर घुसले की तालुक्याच्या वकिलांमध्ये ते नाव पुढची पाच वर्षं लक्षात राहतं. कैद्याच्या सहीचा वकालतनामा तुरुंग अधिकाऱ्याच्या साक्षांकनानेच येतो, त्याला दिवस जातात. ते दिवस वेळापत्रकात धरा.

आता फर्मच्या आतलं. पहिली पायरी हितसंबंधांची तपासणी. मोठ्या फर्मचे अशील बँका, विकासक, विमा कंपन्या. झोपडपट्टी पुनर्वसनातली रहिवासी सोसायटी तुमच्याकडे आली आणि विकासक फर्मच्या रिअल इस्टेट टीमचा अशील निघाला, तर विषय तिथेच संपला. अवघड असतं ते मधलं: समोर अशील नाही, पण तुम्ही जो कायदेशीर मुद्दा मांडणार तो फर्मच्या बँकांना महागात पडेल. यावर दरवेळी भांडत बसण्यापेक्षा वर्षाच्या सुरुवातीला व्यवस्थापक पार्टनरकडून लेखी यादी घ्या, की या विषयांना आपण हात लावणार नाही. यादी लाजिरवाणी वाटली तरी घ्या. नकार द्यायचा तर तो दोन दिवसांत द्यावा, कारण समोरच्याच्या मुदतीचा काळ चालू असतो. 'बघतो, कळवतो' म्हणत महिना काढणारी फर्म नाही म्हणणाऱ्या फर्मपेक्षा जास्त नुकसान करते.

या तपासणीत एक धोका लपलेला असतो. नवीन मॅटर उघडलं की पक्षकाराचं नाव ईमेलने सगळ्या पार्टनरना जातं. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेचं नाव असं अख्ख्या फर्ममध्ये फिरवणं हा गंभीर प्रकार आहे. तिची ओळख उघड करण्याविरुद्ध भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहेच. अशा मॅटरला फक्त क्रमांक द्यावा, पूर्ण नाव एका पार्टनरकडे आणि तुमच्याकडे. बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्येही तेच. प्रिंटरवर पडून राहिलेले कागद ही तर वेगळीच डोकेदुखी.

दुसरी पायरी तासांची. समजा असोसिएटला वर्षाला १८०० तासांचं लक्ष्य आहे. प्रो बोनोचे पहिले ५० तास त्यात धरले जाणार की त्यावर? 'आम्ही प्रोत्साहन देतो' हे उत्तर नव्हे. धरले जाणार नसतील तर मार्चमध्ये, लक्ष्य गाठायच्या धावपळीत, तुमच्या प्रत्येक तारखेला वकील आजारी पडेल. हे मूल्यमापनाच्या धोरणात लेखी येईपर्यंत नवीन कोर्टाचं काम घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. संस्थांची कामं चालतील, ती आठवडाभर पुढे ढकलता येतात. जामिनाची तारीख येत नाही.

तिसरी पायरी खर्चाची. वेळ फुकट आहे, पण बाकी काहीच फुकट नाही. सर्टिफाइड कॉपी, टायपिंग, नोटरी, कोर्ट फी, तालुक्याला जायचं भाडं. आणि भाषांतर. खालच्या कोर्टाचा सगळा कारभार मराठीत: जबाब, पंचनामा, रोजनामा, सातबारा, फेरफार. उच्च न्यायालयात जायचं तर पानापानाचं इंग्रजी भाषांतर. चारशे पानांच्या आरोपपत्राचा हा खर्च मॅटर घेतानाच मंजूर करून ठेवा. इथे मराठी वकिलाचं पारडं खरोखर जड आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठातून आलेला हुशार असोसिएट हवालदाराच्या हस्ताक्षरातला पंचनामा वाचू शकत नाही. तो वाचून दहा मिनिटांत त्यातली विसंगती सांगणारा माणूस फर्मला हवाच असतो. काही खर्च वाचवताही येतो. पोटगी, घटस्फोट, घरातला हिंसाचार अशा प्रकरणांत स्त्री पक्षकारांना महाराष्ट्रात १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेने कोर्ट फी माफ आहे. कॉर्पोरेट वकिलांना हे माहीत नसतं आणि ते निमूटपणे फी भरून येतात. शिवाय विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट नाही. तेव्हा काही वेळा चांगला सल्ला हाच, की फर्मने मॅटर न घेता अर्ज प्राधिकरणाकडे नीट भरून द्यावा.

सगळ्यांत जास्त कामं बुडतात ती मात्र वेगळ्याच कारणाने. असोसिएट फर्ममध्ये दोन-तीन वर्षं असतो, दिवाणी दावा सात-आठ वर्षं चालतो. तो नोकरी बदलतो, शेवटच्या दिवशी फाइल कपाटात ठेवतो, आणि पुढच्या तारखेला कोणीच हजर नसल्याने दावा काढून टाकला जातो. बिलाच्या मॅटरमध्ये असं होत नाही, कारण तिथे अशील ओरडतो. इथला अशील ओरडत नाही. त्याला वाटतं फुकटच्या वकिलाला काय विचारायचं. म्हणून वकालतनाम्यावर सुरुवातीपासून दोन नावं हवीत, त्यातलं एक पार्टनरचं. पक्षकाराला मराठीत लिहिलेलं एक पानी पत्र द्यावं: आम्ही कुठपर्यंत काम करू, अपिलाचं वेगळं ठरेल, कोणता खर्च आमचा, आणि तारीख विचारायला हा फोन नंबर. नंबर असोसिएटच्या मोबाइलचा नको, फर्मचा. राजीनामा आला की एचआरच्या नो-ड्यूजच्या फॉर्मवर 'प्रो बोनो फाइल हस्तांतरित' असा रकाना टाकून घ्या. लॅपटॉप परत केल्याशिवाय हिशेब होत नाही, तसाच हाही. ही एक रांग त्या फॉर्मवर आणणं, मला विचाराल तर, या पदावरचं पहिल्या वर्षातलं सर्वांत मोठं काम आहे.

प्रसिद्धीचं एका वाक्यात: ३६व्या नियमाने वकिलांना जाहिरातबंदी आहे, त्यामुळे 'आम्ही इतक्या कैद्यांना सोडवलं' असं फोटोसकट समाजमाध्यमावर टाकण्याचा मार्केटिंगचा आग्रह तुम्हालाच थोपवावा लागेल.

आता तुमची तयारी. चौथ्या वर्षाला थेट हे पद मागू नका. पार्टनर तुमचं ऐकतील ते तुमच्या मुख्य कामातल्या वजनामुळे. निदान सात-आठ वर्षांचा अनुभव गाठीशी असू द्या. तोवर केंद्र सरकारच्या न्याय बंधू या २०१७ पासूनच्या प्रो बोनो वकिलांच्या योजनेत नाव नोंदवा. संस्थांच्या कामासाठी ट्रस्टलॉसारख्या जुळवणी करणाऱ्या व्यासपीठावर फर्मची नोंदणी आहे का पाहा. दरवर्षी एक तरी फौजदारी मॅटर रिमांडपासून शेवटपर्यंत स्वतः चालवा, दंडाधिकारी कोर्टात. कोर्ट क्लार्क, पैरवी करणारा हवालदार, तुरुंगाचा न्यायिक विभाग ही माणसं इंग्रजी ईमेलने हलत नाहीत. सीनियर अॅडव्होकेट हा न्यायालयाने द्यायचा दर्जा मिळवताना गुण मिळतील म्हणून कोणी हे सुचवत असेल तर एवढं लक्षात असू द्या, की २०१७ च्या पद्धतीत प्रो बोनोला गुणांत जागा होती, पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती गुणपद्धतच मोडीत काढली.

एलएल.एम.ला अमेरिकेला जायचा बेत असेल तर वेगळा फायदा आहे. न्यूयॉर्क बारसाठी, म्हणजे तिथे वकिलीचा परवाना मिळवण्यासाठी, ५० तासांचं प्रो बोनो काम दाखवावं लागतं, ते अमेरिकेबाहेर केलेलं चालतं, आणि एलएल.एम. सुरू होण्याआधीच्या एका वर्षातलंही धरलं जातं. मात्र देखरेख करणाऱ्या वकिलाची प्रतिज्ञापत्रावर सही लागते. ती काम संपलं त्याच आठवड्यात घ्या. दोन वर्षांनी तो वकील कुठे असेल सांगता येत नाही.